चौलच्या घराची ओल

मराठीत ‘ओलावा’ हा शब्द माणसाच्या मनाला लावला तर ती स्तुती ठरते आणि त्याच्या घराच्या भिंतीला लावला तर तक्रार. मुलांना मराठी शिकवण्यात वीसेक वर्षे गेली, पण एकाच शब्दाची ही दोन तोंडे मला वर्गात कधी नीट समजावून देता आली नाहीत. ओल्या नारळाच्या करंज्या तुम्ही यंदाच्या दिवाळीतही खाल. ओल्या बाळंतिणीची काळजी सारे घर घेते. ‘ओला दुष्काळ’ म्हटले की मात्र शेतकऱ्याच्या पोटात गोळा उभा राहतो. आणि ‘भिंतीला ओल आली आहे’ हे वाक्य आमच्या घरी पूर्वी प्रत्येक पावसाळी पत्राच्या शेवटी, ‘कळावे, लोभ असावा’च्या जरा आधी येत असे. हल्ली पत्रे गेली. ते वाक्य काकूच्या तोंडून फोनवर येते.

आमचे घर चौलला. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, मग रायगड झाले. पाऊस मात्र तोच राहिला. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. बाहेरच्या माणसाला हे झेपत नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि पुढे जुन्नरला जाऊन पावसाळा काढता झाला. चार महिने रात्रंदिवस नुसते पाणी आणि चिखल, अशी त्याने आपल्या टिपणांत तक्रार केली आहे, आणि या दिवसांना तो चक्क ‘हिवाळा’ म्हणतो. रशियातून आलेल्या माणसाला आपल्या ज्येष्ठ-आषाढात हिवाळा दिसावा, यात मला तरी नवल वाटत नाही. श्रावणात आमच्या माजघरात भिंतीला पाठ लावून बसा म्हणजे तुम्हांलाही वाटणार नाही.

गेल्या वर्षी श्रावणात मी गेलो तो मात्र हवापालटाला नव्हे. काकू फोनवर दोन वाक्यांच्या मध्ये खोकू लागली होती. शिवाय माझ्या दोन चुलतभावांनी, एक ठाण्याचा आणि एक पुण्याचा, घर विकण्याची बोलणी मनावर घेतली होती. त्यांना वाईट म्हणायचे माझ्या मनात नाही. ‘काकूला अशा ओलीत ठेवायचे कुठवर?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. गिऱ्हाईक मुंबईचे होते. त्याला वाडी हवी होती, घर नको होते. घर पाडण्याचा खर्चसुद्धा तो आपल्याकडून देणार होता, एवढे त्याचे औदार्य.

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँची बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून २०२० पासून मोठी रो-रो बोट सुरू झाली आहे, पण मला एस. टी.ची खिडकी आवडते. वडखळ, पोयनाड, मग कार्ले खिंड. खिंड उतरली की हवा बदलते. चष्म्याच्या काचेवर धुके धरते आणि खिशातला रुमाल उगाचच ओला वाटू लागतो. अलिबाग सोडून गाडी अक्षीवरून निघाली की मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात हात जोडतो. अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. आपल्या भाषेची जवळजवळ पहिली अक्षरे अशा जागी कोरली गेली, की जिथे पाऊस आणि खारा वारा दगडालाही सुखाने राहू देत नाहीत. ती वाचताना विद्वानांचे डोळे दुखले आहेत. तिथे आमच्या विटामातीच्या भिंतीची काय कथा!

नागावनंतर चौलची हद्द लागते आणि रस्ता वाड्यांच्या सावलीत शिरतो. वर माडांची झाकण, खाली पोफळी, त्याखाली केळी आणि अळू. मुंबईची पाहुणेमंडळी इथे आली की ‘काय गारवा आहे!’ म्हणून डोळे मिटतात. पण हा गारवा येतो कोठून? वाडीला बारमाही पाणी लागते. पावसाळ्यात ते आकाशातून येते आणि उरलेले आठ महिने विहिरीतून. पूर्वी रहाट, आता पंप. पाटाचे पाणी आळ्या-आळ्यांतून फिरत फिरत घराच्या जोत्यापाशी येऊन थांबते. ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे ज्या सावलीसाठी आपण घर वाडीत बांधतो तीच घराला बारा महिने ओले ठेवते. चौलच्या रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे आहेत आणि पावसाने ओढ दिली की पर्जन्यकुंड उघडायचे, अशी रीत सांगतात. ‘आमच्या घरासाठी उरलेली दोन उघडा की!’ असे काकू दर वर्षी देवाला सांगते.

मग जुनी माणसे अशा जागी राहिली कशी? हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नव्हता, कारण माझ्या लहानपणी घर इतके ओले नव्हते. हा काही आठवणींचा गोडवा नव्हे. कांदे हा त्याचा पुरावा. या भागातल्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या तेव्हा माजघराच्या तुळईला टांगलेल्या असत आणि गणपतीपर्यंत टणक राहत. आता आषाढातच त्यांना कोंब फुटतात.

घराचे जोते काळ्या दगडाचे आहे, कमरेइतके उंच. त्यावर मातीत रचलेल्या भाजक्या विटांच्या हात-दीड हात रुंद भिंती, वरून चुन्याचा गिलावा. छपराची वळचण इतकी पुढे आलेली, की पागोळ्या भिंतीपासून दोन हात लांब पडत, आणि जिथे पडत तिथे दगड पसरलेले. मृग लागण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झापांचे आडोसे बांधत, म्हणजे झड भिंतीवर न येता झापांवर येई. खाली शेणाने सारवलेली जमीन. स्वयंपाकघरात चूल दिवसाचे बारा तास पेटलेली आणि तिचा धूर माळ्यावरून, वाशांमधून, कौलांच्या फटींतून बाहेर जाई. त्या धुराने वासे काळे झाले, कोरडे राहिले आणि वाळवीने त्यांना तोंड लावले नाही. घरात चौदा माणसे होती. कोणी ना कोणी दार उघडत होते, कोणी ना कोणी खिडकीत बसत होते. ओल तेव्हाही भिंतीत चढत असेलच, पण जितकी चढे तितकी उडून जाई.

पुढे घराचे भाग्य उजळले, आणि घात तिथेच झाला. १९८९ साली सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण पूर्ण उठले. परमिटासाठी ज्याने जन्मभर कचेरीचे उंबरे झिजवले त्याला सिमेंटचे पोते म्हणजे सोन्याचा गोणच वाटायचा. थोरल्या काकांनी १९९१ च्या उन्हाळ्यात मोठ्या हौसेने चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि आतून-बाहेरून छातीइतका सिमेंटचा गिलावा केला. वाळू समोरच्या पुळणीवरची, म्हणजे खारी. मग जमिनीवर चकचकीत फरशी आली. चूल गेली, गॅस आला. गॅस जळताना स्वतःच वाफ सोडतो, ती जायला माळ्यावरची वाट कोणी ठेवली नव्हती. माणसे एकेक करून मुंबई-पुण्याला लागली, खोल्यांना कुलपे पडली. रस्ता दर दोन-तीन वर्षांनी नवे डांबर अंगावर घेऊन उंच होत गेला, अंगणात भराव पडला, आणि कमरेइतके जोते गुडघ्याइतके उरले.

आणि त्यावर ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. टाळेबंदीचे दिवस; काकू घरात एकटी, शेजारची दोन मुले सोबतीला. तीन-चार तासांत वाडीतली निम्मी पोफळ आडवी झाली आणि छपराचा पश्चिमेचा सगळा सोपा उघडा पडला. कौले मिळेनात, तेव्हा मिळाले तसे पत्रे आणून घातले. ते आखूड होते. वळचण गेली आणि पागोळ्या भिंतीवरून ओघळू लागल्या.

श्रावणात मी पोचलो तेव्हा माजघराच्या भिंतीवर सिमेंट जिथे संपते तिथपासून वर हिरवट काळा पट्टा होता, आणि त्याच्या काठावर पांढरे मिठासारखे फूल आलेले होते. आमच्याकडे त्याला ‘लोणा’ म्हणतात. बोट लावले की भिंत भुगा होऊन खाली पडे. आजोबांची पुस्तके कोनाड्याच्या फडताळात होती. वेखंड आणि कापूर घालून तांबड्या फडक्यात बांधलेली. ती काढली तेव्हा वेखंडालाच बुरशी आलेली! जुन्या मासिकांचे एक बांडूळ तर विटेसारखे एक झाले होते. ते हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. काकू पलीकडून म्हणाली, “अरे, ते राहू दे. आधी चहा घे. साखर डब्यातून खणून काढावी लागते, एवढेच.”

भावांनी मुंबईहून एका जलरोधक लेपवाल्याला पाठवले होते. त्याने भिंतीवर एक यंत्र टेकवले, मान हलवली, आणि चार फुटांपर्यंत रसायनाचा लेप नि त्यावर टाइल्स असा अंदाज लिहून दिला. भिंतीत पाणी येते कोठून, हे मात्र त्याने विचारले नाही. तो गेल्यावर काकूने गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावणे पाठवले. त्याचा बाप रेवदंड्याच्या चुन्याच्या भट्टीवर कामाला होता. त्याने यंत्र आणले नव्हते. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, खाली, मध्ये, वर. मग बाहेर जाऊन पाऊस पडत असताना छत्री न घेता घराला एक फेरी घातली.

“काकी, छपराची ओल वरून येते आणि खाली उतरताना पुसट होते,” तो म्हणाला. “जमिनीची खालून येते नि कमरेपर्यंत चढून थांबते, तिच्या टोकाला लोणा धरतो. आणि कोंडलेल्या हवेची कपाटामागे, कोपऱ्यात, काळे ठिपके ठिपके. तुमच्याकडे तिन्ही आहेत.”

“मग टाइल्स लावायच्या का?” मी विचारले.

“मास्तर, रेनकोट घालून विहिरीत उभे राहा. आत शिरलेले पाणी बाहेर येईल का?”

माझ्या मते संपूर्ण बांधकामशास्त्र त्या एका वाक्यात आले. दिव्याची वात तेल ओढते तशी वीट जमिनीतले पाणी ओढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून ते पाणी हवेत उडून जाते. सिमेंटने वाट अडवली की पाणी थांबत नाही, ते आणखी वर चढते आणि सिमेंट जिथे संपते तिथे बाहेर पडते. पाणी उडते, पण त्यातला क्षार मागे राहतो, त्याचे खडे होतात आणि ते फुगून गिलाव्याला आतून फोडतात. खारी वाळू वापरलेली असली तर मग विचारायलाच नको. टाइल्स लावल्या असत्या तर ओल आमच्या डोळ्यांच्या उंचीला आली असती, एवढाच फरक.

पटायला अजून थोडे बाकी होते म्हणून दुसऱ्या दिवशी उघडीप पाहून तो मला रेवदंड्याच्या किल्ल्यात घेऊन गेला. किल्ला म्हणजे पोर्तुगिजांचे जुने चौल; १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. आज आत रस्ता आहे, वाड्या आहेत, आणि पोफळींच्या मधूनच चर्चच्या आणि सातखणी मनोऱ्याच्या उरलेल्या भिंती डोके काढतात. छपरे कधीच गेली. शेकडो पावसाळे या भिंतींनी उघड्या अंगावर घेतले आहेत. गवंडीदादाने एका सांध्यात नख घातले. चुना निघाला नाही. “भिजते आणि सुकते,” तो म्हणाला, “म्हणून उभी आहे.” समुद्राकडच्या अंगाला कोणी अलीकडे बांधलेली सिमेंटची एक कुंपणभिंत होती, तिच्यातली लोखंडी सळई गंजून फुगली होती आणि तिने काँक्रीटचे कवच उकलून टाकले होते. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली तेव्हा वेधांत बिघाड नको म्हणून ती लोखंड टाळून, पोरबंदरी दगडात बांधली. कारण अर्थात वेगळे होते. पण समुद्राकाठी लोखंडावाचून बांधावे, ही अक्कल कोठून का होईना यावी असे त्या सळईकडे पाहताना मला वाटून गेले.

भावांना मी सगळे लिहून कळवले आणि एक पावसाळा मुदत मागितली. ठाण्याच्या भावाने ‘तुझा निबंध वाचला’ एवढेच उत्तर पाठवले, पण पैसे पाठवले.

दिवाळीच्या सुट्टीत काम धरले. आधी भिंतीला हात न लावता बाहेरचा भराव काढला. जोते पुन्हा मांडीइतके वर आले. भिंतीपासून तीन हातांवर चर खणून त्यात दगडगोटे भरले आणि वाडीकडे उतार दिला. पाटाचे शेवटचे वळण घरापासून दूर नेले. त्यासाठी दोन केळी गेल्या, त्याबद्दल काकू अजून बोलते. पत्रे काढले. कौले आणली ती आळीतल्याच एका पाडलेल्या घराची. चौल-नागाव भागात जुनी घरे इतकी पडताहेत की चांगल्या मंगळुरी कौलांचा तुटवडा नाही, हे सांगताना मला आनंद होत नाही. वळचण पूर्वीइतकी पुढे आणली.

मग सिमेंट खरवडले. लोणा कोरड्या झाडूने झाडला. “पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर तो पुन्हा आत जातो,” असे गवंडीदादाने बजावले. भिंती दोन महिने उघड्या ठेवल्या. काकू म्हणे, “घराची कातडी सोलल्यासारखी वाटते.” जमिनीवरची फरशी सगळी काढणे परवडणारे नव्हते, भिंतीलगतची एक वीत पट्टी काढून तिथे खडी घातली, म्हणजे खालची वाफ भिंतीतूनच वर यायला नको.

चुना मिळवणे हा एक वेगळाच प्रवास झाला. ज्या गावाच्या भट्ट्यांत शिंपल्यांचा चुना भाजला जाई, त्या गावात चुना मागितला तर दुकानदार पानाची डबी पुढे करतो! अखेर कळीचा चुना मुंबईहून आला. अंगणात खड्डा करून तो विरवला. पाणी घालताच तो असा रटरटला की शेजारची मुले पळत सुटली. महिनाभर पाण्याखाली मुरू दिला. मग त्यात विटांची सुरखी आणि नदीची धुतलेली वाळू. सुरखीमुळे चुना दमट जागीही धरतो. गवंडीदादाने थोडे गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घातला, त्याचा उपयोग नक्की किती हे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाप घालायचा.” भाषेच्या प्राध्यापकाला हे उत्तर पुरते, कारण आमचे निम्मे व्याकरण याच आधारावर उभे आहे.

शिमग्यापर्यंत गिलाव्याचे दोन हात झाले, वर प्लॅस्टिक रंगाऐवजी चुन्याची सफेदी. माळ्याखालचे बुजवलेले दोन झरोके मोकळे केले. चूल काही पुन्हा मांडता आली नाही. काकूचा खोकला पाहता मांडावी असेही वाटले नाही. पण मागच्या पडवीत तांब्याचा बंब कल्हई करून ठेवला आहे. सकाळी तो पेटतो, सोडणांचा धूर वाशांत जातो आणि आंघोळीचे पाणी तापते.

यंदाच्या पावसाने काही दयामाया दाखवली नाही. गणपतीला आम्ही सगळे जमलो. माजघराची भिंत गुडघ्याच्या वर कोरडी होती. गुडघ्याखाली अजून काळसर होती, पण हाताला पाणी लागत नव्हते. लोणा दोन ठिकाणी आला होता. तो झाडून टाकायचा, क्षार संपेपर्यंत येणार, असे गवंडीदादा म्हणतो. विहिरीलगतची उत्तरेची खोली मात्र जशीच्या तशी ओली. “तिथे विहीर आहे, मास्तर. विहिरीला कसे समजावणार?” काकू खोकते, पण पूर्वीइतकी नाही; डॉक्टर त्याचे श्रेय औषधाला देतात आणि ती बंबाला. आजोबांची पुस्तके आता भिंतीपासून सुटी, लाकडी मांडणीवर आहेत. मासिकांचे ते बांडूळ सुटले नाही.

पुण्याच्या भावाने आरतीनंतर कोणी पाहत नाहीसे बघून माजघराच्या भिंतीवर हात फिरवला. ठाण्याच्या भावाने गिऱ्हाइकाला होकारही कळवला नाही आणि नकारही. मुंबईचा तो गृहस्थ अधूनमधून फोन करतो. काकू त्याला कांद्याचा भाव सांगते.

उरलेला चुना पडवीतल्या पिंपात पाण्याखाली ठेवला आहे. हवा लागली नाही तर तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. उत्तरेच्या खोलीचे सिमेंट भाऊबीज झाली की काढायला घ्यायचे ठरले आहे. तेवढ्यासाठी सुरखी कमी पडेल, म्हणून काकूने शेजारच्या पडलेल्या न्हाणीघराच्या जुन्या विटा मागून ठेवल्या आहेत, आणि येताना मुंबईहून चांगली चाळणी आणायला मला बजावले आहे.